विश्लेषण: परवाना खिशात असूनही नवं विमान उतरवायला पुन्हा शिकवणीला का बसावं लागतं?

घाटकोपरला गच्चीवर उभं राहिलं की डोक्यावरून उतरणारी विमानं दिसतात. अंधेरीत तर त्यांच्या आवाजापायी फोनवरचं बोलणं अर्धवट थांबवावं लागतं. मुंबईच्या उपनगरांतल्या माणसाला विमान उतरण्याचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. त्यात इन्स्टाग्रामवर कॉकपिटमधले रील्स येतात, खाली 'काय बटर लँडिंग आहे!' अशा कमेंट पडतात आणि वाटतं की सायकलसारखंच असणार. एकदा जमलं की कायमचं जमलं.

पण वैमानिकांच्या जगातली एक पद्धत बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकते. ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याने शे-दोनशे तास विमान उडवलंय, त्याला चार सीटचं दुसऱ्या बनावटीचं छोटं विमान द्यायचं झालं तरी शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो. दोघं मिळून तेच ते फेरे मारतात. उड्डाण, धावपट्टीभोवती एक चक्कर, लँडिंग आणि पुन्हा उड्डाण. विमान बदललं म्हणून उडवणाऱ्याचं कौशल्य पुसलं जातं का? की ही नुसती कागदोपत्री औपचारिकता आहे?

यातलं काहीच खरं नाही. नेमकं काय होतं, ते समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण महाराष्ट्रात वैमानिक घडवण्याचं काम वाढतंय. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे प्रशिक्षण चालतंच. त्यात अमरावतीजवळ बेलोरा इथे एअर इंडियाची मोठी अकादमी उभी राहतेय. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ३४ प्रशिक्षण विमानांची ऑर्डर जाहीर केली. त्यात ३१ एक-इंजिनी पायपर आणि ३ दोन-इंजिनी डायमंड विमानं आहेत.

म्हणजे एकाच संस्थेत, एकाच अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला दोन वेगळ्या बनावटीची विमानं उडवावी लागतात. इतर ठिकाणीही चित्र फारसं वेगळं नाही. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. या प्रवासात मुलगा किंवा मुलगी एका विमानावर सुरुवात करते आणि पुढे दुसऱ्यावर जाते. काहीजण परदेशात तास भरून येतात आणि इथे परवाना बदलून घेताना त्यांच्यासमोर वेगळंच विमान उभं असतं.

दुसरीकडे, प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारले जातायत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, देशातल्या फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकाही संस्थेला जागा मिळाली नाही.

या सगळ्याचा खर्च लाखांत मोजावा लागतो. बोरिवली-मुलुंडमधली कित्येक घरं त्यासाठी कर्ज काढतात. त्यामुळे इन्स्ट्रक्टरसोबतचे 'जास्तीचे' तास कशासाठी, हा प्रश्न घरातही निघतो.

मुंबईच्या मुलांना शिकायला धुळ्याला का जावं लागतं?

याचं उत्तर विलेपार्ल्याच्या शेजारी आहे. जुहूचा विमानतळ १९२८ चा, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, तो याच क्लबमधून शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून निघालेलं त्यांचं पस मॉथ हे छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूलाच उतरलं. तेव्हा जुहू म्हणजे भरतीच्या पाण्यालगतची चिखलाची सपाट जमीन होती. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा.

आज त्याच जुहूभोवती इमारतींचा गराडा आहे. समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची तिथे ये-जा असते, आणि अवघ्या काही किलोमीटरवर देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. नवख्या विद्यार्थ्याने तासाला सात-आठ वेळा उड्डाण करून पुन्हा उतरावं, अशी ही जागा राहिलेली नाही. सरावाला मोकळं आकाश लागतं आणि चूक झाली तर खाली मोकळी जमीन लागते. म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं.

विमान उतरवणं म्हणजे नेमकं काय?

विमान खाली आणणं तुलनेने सोपं असतं. अवघड असतं ते योग्य वेगात, योग्य जागी, योग्य उंचीवर त्याचं उतरणं मोडणं.

छोटं विमान धावपट्टीच्या समांतर, साधारण हजार फुटांवरून जातं. मग दोनदा काटकोनात वळून धावपट्टीच्या समोर येतं. इथून खाली येताना वैमानिक धावपट्टीवरचा एक ठिपका पकडतो. तो काचेत स्थिर दिसत असेल तर विमान बरोबर तिथेच चाललंय. ठिपका काचेत वर सरकू लागला तर विमान अलीकडेच पडणार, खाली सरकला तर पलीकडे जाणार.

जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर वैमानिक नाक हळूहळू वर उचलतो. याला फ्लेअर म्हणतात. उतरण्याचा वेग मोडतो, विमान जमिनीलगत तरंगतं, वेग संपत जातो आणि मागची चाकं टेकतात. हे सगळं काही सेकंदांत होतं. तेवढ्यात आकडे वाचून निर्णय घ्यायला वेळ नसतो. डोळ्यांना दिसणारं चित्र आणि हातांना लागलेली सवय यांवरच काम चालतं.

आणि विमान बदललं की नेमक्या याच दोन गोष्टी बदलतात.

दुसऱ्या विमानात असं काय वेगळं असतं?

फ्लाइंग स्कूलमध्ये नेहमी दिसणारी तीन विमानं घेऊ: सेसना १७२, पायपर आर्चर आणि डायमंड डीए-४०. तिन्ही चार सीटची, एका इंजिनाची. लांबून पाहणाऱ्याला सारखीच वाटतील.

पहिला फरक डोळ्यांचा. सेसनाचे पंख डोक्यावर, पायपर आणि डायमंडचे पंख पायाखाली. सेसनामध्ये धावपट्टीकडे वळताना आतल्या बाजूचा पंख खाली झुकतो आणि धावपट्टीच झाकून टाकतो. खालच्या पंखाच्या विमानात वळताना धावपट्टी दिसत राहते, पण सरळ जाताना पंखाखालचं दिसत नाही. शिवाय प्रत्येक विमानात बसल्यावर डोळे जमिनीपासून वेगळ्या उंचीवर असतात आणि समोरचं नाक वेगळ्या जागी दिसतं. 'आता उचल' असं डोळे ज्या चित्राला सांगतात, ते चित्र नव्या विमानात चुकीच्या उंचीवर दिसू शकतं. फूटभर आधी उचललं तर विमान वरून धपकन आदळतं. उशीर झाला तर नाकाचं चाक आधी टेकतं आणि विमान उसळ्या मारू लागतं.

दुसरा फरक हातांचा. सेसनाचे फ्लॅप्स विजेवर चालतात, समोरच्या पॅनेलवर छोटा खटका असतो. पायपर आर्चरमध्ये दोन सीटच्या मधला दांडा हाताने ओढावा लागतो. सेसना १७२ मध्ये इंधनाची कळ 'दोन्ही टाक्या' या खुणेवर ठेवता येते. आर्चरमध्ये तशी सोय नाही, ठरावीक वेळाने डावी-उजवी टाकी आठवणीने बदलावी लागते. डीए-४० मध्ये स्टिअरिंगसारखं चाक नसून दोन गुडघ्यांच्या मध्ये दांडी असते. त्याचं नाकाचं चाक पायाने वळवता येत नाही, ते मोकळं फिरतं. जमिनीवर दिशा द्यायला एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. आर्चरला दार एकच, तेही उजवीकडे. शांतपणे शिकताना ही किरकोळ माहिती वाटते. गडबडीच्या क्षणी मात्र हात जुन्याच जागी जातो आणि तिथे हवी ती कळ नसते.

तिसरा फरक वेगाचा. डीए-४० चे पंख लांब आणि सडपातळ, ग्लायडरच्या घराण्यातले. वेग जरा जास्त राहिला की ते धावपट्टीवर उतरायचं नावच घेत नाही, तरंगत राहतं. जमिनीपासून पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं की हवेचा अडथळा कमी होतो, त्याचा हा परिणाम. खाली पंख असलेल्या विमानात तो अधिक जाणवतो. वेग १० टक्के जास्त असेल तर जिरवायची ऊर्जा २१ टक्के जास्त असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छोट्या धावपट्टीवर हा हिशोब महागात पडतो.

यावरून रील्समधल्या 'बटर लँडिंग'बद्दलही एक गोष्ट लक्षात येईल. अलगद टेकणं हे चांगल्या लँडिंगचं एकमेव माप नाही. धावपट्टी ओली किंवा आखूड असेल तर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगात, जरा ठामपणे टेकणंच योग्य. अलगद टेकवण्याच्या नादात निम्मी धावपट्टी मागे टाकली, तर व्हिडिओ छान येईल, ब्रेकला मात्र जागा उरणार नाही.

अनुभवी वैमानिकाचेही डोळे फसतात का?

फसतात, आणि त्याचे दोन गाजलेले दाखले आपल्या जुहूचेच आहेत. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. ते तिथून बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. कुणाचा जीव गेला नाही, पण विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही.

ही मोठी विमानं होती, वैमानिक कसलेले होते. पण दोन्ही विमानतळ जवळजवळ आणि मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखी. डोळ्यांना जे दिसेल अशी अपेक्षा होती, तेच दिसलं. नव्या विमानात बसलेल्या वैमानिकाचं असंच होतं. फरक एवढाच की तो धावपट्टी ओळखण्यात नाही, तर तिचं अंतर आणि उंची जोखण्यात चुकतो.

वेग कमी पडला तर काय होतं?

जास्त वेगाने धावपट्टी संपते. कमी वेगाचं संकट त्याहून मोठं असतं.

पंखांवरून हवा ठरावीक कोनातच नीट वाहते. वेग कमी होत असताना उंची राखायला वैमानिक नाक वर ओढत गेला, तर एका टप्प्यावर हवेचा प्रवाह पंखांपासून सुटतो आणि उचल एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

वळणात हा धोका वाढतो. विमान ४५ अंश तिरकं केलं तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. धावपट्टीकडे वळताना 'अरे, पुढे गेलो' म्हणून कुणी वळण आवळलं आणि नाकही ओढलं, तर काही क्षणांपूर्वी सुरक्षित असलेला वेग अपुरा ठरतो. तीन हजार फुटांवर स्टॉल झाला तर नाक खाली करून सावरता येतं. पाचशे फुटांवर तेवढी उंचीच हातात नसते.

स्टॉल म्हणजे काय, हे घाटकोपरने पाहिलंय. २८ जून २०१८ रोजी जुहूहून दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० हे दोन-इंजिनी विमान भर दुपारी घाटकोपर पश्चिमेला बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरून जाणारी एक व्यक्ती, असे पाच जण गेले. चौकशीत विमान स्टॉल झाल्याचं निष्पन्न झालं. ते प्रशिक्षणाचं उड्डाण नव्हतं, विमानही शिकाऊ नव्हतं. पण दाट वस्तीवर कमी उंचीवरून जाताना स्टॉल झाला तर काय होतं, हे सांगायला त्याहून जवळचं उदाहरण नाही.

मग इन्स्ट्रक्टर शेजारी बसून करतो काय?

काम जमिनीवरूनच सुरू होतं. विमानाचं मॅन्युअल वाचून वेग, वजन, इंधन, इंजिन बंद पडल्यावर करायच्या गोष्टी पाठ करायच्या. मग बंद विमानात बसून प्रत्येक कळ शोधायची. इन्स्ट्रक्टर डोळे मिटायला सांगतो आणि 'फ्लॅप्स', 'इंधन', 'ट्रिम' म्हणत जातो. प्रत्येक शब्दाला हात न चाचपडता त्या जागी गेला पाहिजे.

मग उड्डाण. पण लगेच लँडिंग नाही. आधी पुरेशा उंचीवर जाऊन विमान अगदी हळू चालवून पाहायचं. दांडी किती सैल लागते, इशाऱ्याचा भोंगा कधी वाजतो, पंख थरथरतो का, हे अनुभवायचं. मुद्दाम स्टॉल करायचा आणि सावरायचा. या विमानाचा वेग संपत आलाय, हे काट्याकडे न बघता अंगाला कळावं, हा त्याचा हेतू.

त्यानंतर चकरा. साधं लँडिंग, फ्लॅप्सशिवाय लँडिंग, आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, इंजिन बंद पडल्याचं समजून केलेलं लँडिंग. आणि लँडिंग सोडून देऊन पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड. नव्या विमानात गो-अराउंडचा सराव वेगळा लागतो, कारण पूर्ण ताकद दिल्यावर नाक किती वर जातं, विमान कोणत्या बाजूला ओढतं आणि फ्लॅप्स कोणत्या क्रमाने उचलायचे, हे प्रत्येक विमानाचं निराळं असतं.

चांगल्या इन्स्ट्रक्टरचं खरं कसब गप्प बसण्यात असतं. चूक होताना दिसतेय, पण ती विद्यार्थ्याला स्वतः लक्षात येऊ द्यायची. आणि ती धोक्याची होण्याआधी 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान हातात घ्यायचं. ही वेळ त्यालाच कळते, कारण ते विमान त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. शिकणाऱ्याच्या डोळ्यांत नवं चित्र बसेपर्यंत इन्स्ट्रक्टरचे डोळे उसने मिळतात. त्या तासांचे पैसे द्यायचे ते यासाठी.

हे तास वाचवता येत नाहीत का? सिम्युलेटर आहे ना?

सिम्युलेटरवर कळांच्या जागा, कामांचा क्रम, आणीबाणीची उजळणी उत्तम होते. ते करूनच विमानात बसावं, पैसे वाचतात. पण शेवटच्या दहा फुटांतला जमिनीचा अंदाज, आडव्या वाऱ्याचा धक्का, सीटमधून जाणवणारी घसरण हे शाळेतल्या साध्या सिम्युलेटरवर पूर्ण उतरत नाही.

इतिहासात उलटं वाटणारं एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीचे स्त्री-पुरुष वैमानिक कारखान्यातली विमानं तळांवर पोहोचवायचे. आधी कधी न उडवलेलं विमानही ते खिशातल्या छोट्या टिपणवहीच्या आधारे घेऊन जायचे. मग आजच्या विद्यार्थ्याला ते का जमू नये? कारण ते वाटेल ते विमान घेत नसत. विमानांचे गट पाडलेले होते आणि प्रत्येक गटासाठी आधी इन्स्ट्रक्टरसोबत शिक्षण झालेलं असे. वही त्या शिक्षणाची आठवण करून देत होती.

भारतात परवान्यावर कोणतं विमान चालवायची मुभा आहे, याची नोंद होते, ती याच विचारातून. दोनशे तासांचा आकडा 'हा माणूस विमान उडवू शकतो' एवढंच सांगतो. 'हे विमान उतरवू शकतो' हे त्याच विमानात दाखवावं लागतं.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय विचारावं?

फ्लाइंग स्कूलची जाहिरात बघताना आपण विमानांची संख्या आणि फी बघतो. त्यासोबत हेही विचारा:

• अभ्यासक्रमात किती प्रकारची विमानं येतील? प्रत्येक बदलाच्या वेळी इन्स्ट्रक्टरसोबत किती तास धरलेत, आणि ते फीमध्ये आहेत का?

• एका विद्यार्थ्याला सलग एकाच प्रकारचं विमान मिळतं, की जे मोकळं असेल ते?

• नव्या विमानावर एकट्याने सोडण्याचा निर्णय तास भरले म्हणून होतो, की ठरलेली कामं जमली म्हणून? नोंद कुठे ठेवतात?

• विद्यार्थ्याने 'मला अजून एक फेरी सोबत हवी' म्हटलं तर काय होतं?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विमानं कमी, इन्स्ट्रक्टर कमी आणि रांगेत विद्यार्थी जास्त असतील, तिथे 'जमतंय की, जा एकटा' म्हणण्याचा मोह होतो. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्यालाही तेच ऐकायचं असतं. दोघांची सोय एकाच दिशेने ओढते, म्हणून तिथे नियम आणि नोंदी कडक लागतात. डीजीसीएच्या क्रमवारीचा उपयोगही इथेच आहे. वर्ष बदललं की ती पुन्हा तपासावी, आणि प्रवेशाआधी शाळेला तिच्या श्रेणीचं कारण विचारावं.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्या पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, वयाच्या ७८ व्या वर्षी पुन्हा कराची ते मुंबई असं उड्डाण केलं. या वेळी विमान पस मॉथ नव्हतं, लेपर्ड मॉथ होतं. कारखाना तोच, घराणं तेच, पण विमान वेगळं. देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना ज्यांच्या नावावर होता, त्यांनाही जमीन जोखायची ती त्या दिवशीच्या विमानातूनच.